ब्रेक दुरुस्तीला आले, हे कसे ओळखावे?

हिंजवडीच्या शिवाजी चौकात एखाद्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास उभे राहा आणि वाकडच्या दिशेने निघालेल्या मोटारींच्या रांगेकडे पाहा. माहिती तंत्रज्ञान उद्यानातील कचेऱ्या नुकत्याच सुटलेल्या असतात. गाडी दहा मीटर सरकते, थांबते. पुन्हा सरकते, पुन्हा थांबते. प्रत्येक गाडीच्या पाठीमागचे तांबडे दिवे लागतात आणि विझतात. दिवा लागला की समजावे, चालकाने ब्रेक दाबला. एका गाडीचा दिवा पाच मिनिटांत किती वेळा लागतो हे मोजून पाहा. आकडा ऐकून तुमच्या वडिलांनाही आश्चर्य वाटेल.

वाकडला हिंजवडीच्या शेजारून जो महामार्ग जातो, तोच मुंबई-बंगळूर रस्त्याचा पुण्याबाहेरचा वळसा पुढे वारजे ओलांडून नवले पुलाकडे आणि तेथून नव्या कात्रज बोगद्याकडे चढत जातो. साताऱ्याकडून येणाऱ्या वाहनांना हाच रस्ता उलट, म्हणजे उताराचा लागतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री या उतारावरून आलेल्या एका अवजड मालमोटारीने नवले पुलाजवळ वीसहून अधिक वाहनांना एकामागून एक धडका दिल्या. ‘ब्रेक निकामी झाले’ अशी पहिली बातमी होती. पुढे पोलिसांच्या तपासातून आणखी एक गोष्ट वर्तमानपत्रांत आली. तिच्याकडे आपण नंतर वळू.

एकाच महामार्गावरच्या या दोन जागा, पण ब्रेकच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक आहे. हिंजवडीच्या गर्दीत ब्रेक झिजतो. नवले पुलाच्या उतारावर तो तापतो. झिजणारा ब्रेक आठवडे, कधी महिने आधी सूचना देतो. तापणारा ब्रेक फार तर काही मिनिटे आधी देतो. दोन्ही प्रकारच्या सूचना कान, डोळे, नाक आणि पाय यांना कळतात, आणि त्यांचा अर्थ लावायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. तुम्ही अजून मोटार चालवत नसाल, पण मोटारीत बसता. आणि शेजारी बसलेल्याला पुष्कळदा चालकापेक्षा जास्त ऐकू येते.

गती जाते कुठे?

एक हजार किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे असे समजा. हा वेग सेकंदाला १६.७ मीटर होतो. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे केले की गतिज ऊर्जा मिळते. येथे ती सुमारे १,३९,००० ज्यूल येईल. गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा शून्य झाली. पण ऊर्जा नाहीशी होत नाही, हे आपण शिकलो आहोत. ती गेली कुठे? जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये गेली आणि तेथे उष्णता झाली. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी २५ अंशांवरून ५८ अंशांपर्यंत तापेल. वेग ताशी १२० किलोमीटर केलात तर ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते, आणि तेच पाणी उकळू लागूनही बरीच उष्णता शिल्लक उरते.

तेव्हा ब्रेक हे गती खाणारे यंत्र नसून गतीची उष्णता करणारे आणि ती हवेत सोडून देणारे यंत्र आहे. मोटारीच्या पुढच्या चाकांबरोबर बीडाची एक चकती फिरत असते. तिच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्टीवर चिकटवलेले घर्षक द्रव्याचे ठोकळे असतात. गॅरेजमध्ये त्यांना पॅड म्हणतात. ब्रेक दाबला की हे पॅड चकतीला चिमटीत धरतात. मागच्या चाकांना अनेक मोटारींत चकतीऐवजी ड्रम असतो आणि त्याच्या आत अस्तर, म्हणजे लायनर, लावलेले दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. ते बाहेरच्या दिशेने फाकून ड्रमला आतून घासतात. गाडी थांबताना तिचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या ब्रेकवर कामाचा मोठा वाटा पडतो आणि पुढचे पॅड आधी संपतात.

घर्षणात दोन्ही पृष्ठभाग झिजतात. चकतीचे बीड कठीण, पॅडचे द्रव्य तुलनेने मऊ. ही निवड मुद्दाम केलेली असते. स्वस्त वस्तू झिजावी आणि महाग वस्तू टिकावी! नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा असतो. हिंजवडीतल्या त्या रांगेत वेग ताशी २० किलोमीटर असेल तर प्रत्येक थांब्याला वरच्या उदाहरणाच्या फक्त एक-नवमांश ऊर्जा खर्च होते. उष्णता किरकोळ, पण थांब्यांची संख्या मोठी. त्यामुळे एकाच बनावटीच्या दोन मोटारींपैकी रोज सोलापूर रस्त्याने सरळ धावणारीचे पॅड पुष्कळ टिकतात आणि हिंजवडी-वाकड करणारीचे लवकर उतरतात. ‘इतक्या किलोमीटरला पॅड बदला’ असा ठाम आकडा कोणी सांगितला, तर ती गाडी कुठे चालते हे त्याने विचारले होते का, एवढे पाहावे.

कानाला आणि डोळ्यांना कळणारी झीज

पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की चालकाला ते कळावे कसे? यासाठी एक फार साधी युक्ती केलेली असते. पुष्कळ पॅडना पोलादाची एक छोटी लवचीक पट्टी बसवलेली असते. पॅड जाड असेपर्यंत ती चकतीपासून दूर राहते. पॅड ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की तिचे टोक चकतीला टेकते आणि उंच, कर्कश किंकाळी सुरू होते. व्हायोलिनचा गज तारेवरून फिरताना जे घडते तेच येथे घडते: टोक चकतीला क्षणभर चिकटते, ओढले जाते, सुटते, पुन्हा चिकटते. हे सेकंदाला हजारो वेळा घडले की आपल्या कानाला तो एकच तीक्ष्ण स्वर वाटतो. ही किंकाळी ऐकू आली म्हणजे ब्रेक बिघडला असे नव्हे. त्याने वेळेवर वर्दी दिली आहे. गाडी येत्या काही दिवसांत दाखवावी.

त्या वर्दीकडे दुर्लक्ष केले तर एक दिवस आवाज बदलतो. किंकाळीच्या जागी खरखर येते, जात्यात खडा अडकल्यासारखी. आता घर्षक द्रव्य संपून पोलादी पट्टी थेट बीडावर घासू लागली आहे. पोलाद चकतीवर चरे पाडते, पकड अनिश्चित होते आणि पॅडच्या जोडीला चकतीचाही खर्च येतो. या आवाजानंतर गाडी चालवतच गॅरेजपर्यंत न्यावी की नाही, हाही विचार करावा लागतो.

प्रत्येक आवाज मात्र दोषाचा नसतो. पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चकतीवर तांबूस गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिल्या दोन-चार वेळा ब्रेक दाबताना खरखर होते आणि थर पुसला गेला की थांबते. आवाज लगेच थांबला तर काळजी नको. रोज दिवसभर येत राहिला तर हवी.

डोळ्यांनी काय पाहावे? बॉनेटखाली, चालकाच्या बाजूला, मागच्या भिंतीलगत एक लहान अर्धपारदर्शक डबी असते. तिच्यावर कमाल आणि किमान अशा दोन खुणा असतात. तीत ब्रेकचे द्रव असते, ज्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, पण रसायनदृष्ट्या ते तेल नव्हे. पॅड झिजतो तसा त्याला ढकलणारा दट्ट्या बाहेर सरकत जातो आणि त्याच्यामागची रिकामी जागा भरायला डबीतले द्रव खाली उतरते. समजा, पुढच्या प्रत्येक चाकाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ १८ चौरस सेंटिमीटर आहे आणि दोन्ही बाजूंचे पॅड प्रत्येकी ८ मिलिमीटर झिजले. दट्ट्या १.६ सेंटिमीटर पुढे आला. दोन चाकांचे मिळून १८ × १.६ × २, म्हणजे सुमारे ५८ घनसेंटिमीटर द्रव डबीतून गेले. कुठेही गळती नसताना पातळी एवढी उतरते!

म्हणून पातळी महिनोन्महिने हळूहळू उतरत असेल तर पॅड तपासावेत. नुसते द्रव ओतून डबी भरू नये. तशी भरली आणि पुढे नवे पॅड बसवले, तर दट्ट्ये मागे ढकलताच तेच द्रव डबीतून उतू जाते आणि ते रंगावर सांडले तर रंग उडवते. उलट, पातळी दोन-चार दिवसांत उतरली तर ती झीज असूच शकत नाही. ती गळती आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का पाहावे आणि गाडी जागची हलवू नये. तांबडा ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडल्यावरही विझत नसेल, तर बहुतेक मोटारींत त्याचा एक अर्थ द्रव कमी झाले असा असतो.

पायाला काय कळते?

येथे जरा थांबून ब्रेकच्या आतली यंत्रणा समजून घेऊ, कारण सर्वांत गंभीर दोष पायाला कळतात आणि ते का घडतात हे कळल्याशिवाय त्यांचे गांभीर्य पटत नाही.

पायाने १०० न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम वजन ठेवल्याइतके. पेडल हा तरफेचा प्रकार आहे. त्याने बल चौपट, म्हणजे ४०० न्यूटन केले. त्यापुढे निर्वाताच्या मदतीने चालणारा डबा, म्हणजे बूस्टर, ते वाढवून समजा १,२०० न्यूटन करतो. हे बल मुख्य सिलिंडरच्या ३ चौरस सेंटिमीटर दट्ट्यावर पडले. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ४०० न्यूटन, म्हणजे वातावरणाच्या सुमारे चाळीसपट. पास्कलच्या नियमानुसार हा दाब द्रवातून सगळीकडे सारखाच पोहोचतो. चाकापाशी १८ चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या आहे. त्याच्यावर ४०० × १८, म्हणजे ७,२०० न्यूटन बल आले. पायाच्या शंभराचे चाकापाशी बहात्तरशे झाले!

हा सगळा जमाखर्च एका गोष्टीवर उभा आहे: द्रव दबत नाही. पाण्यासारखे द्रव चाळीस वातावरणांखाली फार तर हजारात दोन भाग आकुंचन पावते. आता नळीत कुठेतरी हवेचा एक बुडबुडा शिरला असे समजा. आकारमान फक्त ४ घनसेंटिमीटर. चहाचा चमचाही भरणार नाही. बॉइलच्या नियमानुसार, दाब एका वातावरणावरून एक्केचाळीसवर गेला की तो सुमारे ०.१ घनसेंटिमीटर होतो. बाकीच्या ३.९ घनसेंटिमीटरची भरपाई मुख्य दट्ट्याला पुढे सरकून करावी लागते. ३.९ भागिले ३, म्हणजे १.३ सेंटिमीटर. पेडल तरफेने चौपट सरकते, म्हणजे ५.२ सेंटिमीटर. एका लहानशा बुडबुड्याने पेडल पाच सेंटिमीटर खाली गेले आणि तेवढ्या वेळात ब्रेक लागलाच नाही. पेडलचा सगळा प्रवासच पंधराएक सेंटिमीटरचा धरला तर असे तीन बुडबुडे पुरे आहेत.

‘ब्रेक स्पंजासारखा लागतो’, ‘दोनदा मारल्यावर लागतो’ असे चालक म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा हाच असतो. कारागीर मग नळीतील हवा काढतो. पण हवा शिरली कुठून, हे त्याला विचारायला विसरू नये. जेथून हवा आत जाते तेथून द्रव बाहेर येऊ शकते.

याहून वेगळे लक्षण म्हणजे पेडलवर पाय तसाच दाबून धरला असता ते सावकाश खाली बुडत जाणे. स्पंजासारखे पेडल कुठेतरी जाऊन थांबते. हे थांबत नाही. मुख्य सिलिंडरच्या आतील रबरी वायसर झिजले आहे किंवा बाहेर गळती आहे. हा दोष सिग्नलला उभे असताना चटकन लक्षात येतो.

ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर डाव्या-उजव्या चाकांवरील बले सारखी नाहीत. एकीकडे पॅडवर द्रव किंवा ग्रीस सांडले असेल, किंवा दट्ट्या गंजून अडकला असेल. दट्ट्या अडकला की पाय काढल्यावरही पॅड चकतीला घासत राहतो. प्रवास संपल्यावर एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेले जाणवते. चकतीला हात लावू नका. चाकाजवळ तळहात नेला तरी धग कळते.

पेडलला थरथर जाणवली तर चकती सर्वत्र सारख्या जाडीची राहिलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला फरकही पायाला कळतो. मात्र येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना चाक न घसरू देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला असता ही यंत्रणा दाब सेकंदाला अनेक वेळा सोडते आणि पुन्हा देते, तेव्हा पेडल पायाखाली धडधडते. तो दोष नसून तिचे काम चालू असल्याची खूण आहे. अशा वेळी घाबरून पाय काढू नये.

आणि पेडल दगडासारखे कठीण झाले तर? तेव्हा बूस्टरकडे पाहावे. या डब्यात एक मोठा रबरी पडदा असतो. इंजिन चालू असताना पडद्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतली जाते. दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते. पडद्याचा व्यास २२ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३८० चौरस सेंटिमीटर झाले. दाबातील फरक दर चौरस सेंटिमीटरला ६ न्यूटन धरला तरी २,२८० न्यूटन बल फुकट मिळते! हे फुकटचे बल इंजिन चालू असेपर्यंतच. इंजिन बंद केल्यावर साठलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो आणि संपतो. वाहन तेच, ब्रेक तेच, पण एकाएकी कित्येक पट जोर लावावा लागतो.

हे तपासायला गॅरेज लागत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून उभी असताना चालकाच्या जागी बसलेल्या मोठ्या माणसाला पेडल पाच-सहा वेळा दाबायला सांगा. ते कठीण होईल. आता पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करायला सांगा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक. जागचे हललेच नाही तर गाडी दाखवायला हवी.

उतारावर काय घडते?

आता नवले पुलाकडे येऊ. उतारावर वेग न वाढू देता उतरणाऱ्या वाहनाची गतिज ऊर्जा तेवढीच राहते, पण स्थितिज ऊर्जा क्षणोक्षणी कमी होत असते. ती कोणी तरी पचवली पाहिजे. समजा, ४० टनांची मालमोटार ५ किलोमीटरच्या उतारावर १०० मीटर खाली येते. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा: ४०,००० × ९.८ × १००, म्हणजे ३ कोटी ९२ लाख ज्यूल. ताशी ५० किलोमीटर वेगाने हे अंतर सहा मिनिटांत संपते. भागाकार केला की दर सेकंदाला सुमारे १,०९,००० ज्यूल येतात. चाकांचा रस्त्याशी होणारा विरोध आणि हवेचा विरोध यांच्या नावे तिसरा हिस्सा सोडून दिला, तरी एक किलोवॉटच्या सत्तर शेगड्या चाकांमध्ये सहा मिनिटे पेटत्या ठेवल्यासारखे झाले.

ही उष्णता ब्रेकने एकट्याने पचवायची ठरवली तर तीन गोष्टी घडू लागतात. पहिली, अस्तरातील राळेसारखे बंधक द्रव्य जळू लागते. जळक्या कापडासारखा उग्र वास येतो, घर्षण घटते, पेडल घट्ट लागूनही गाडी मंदावत नाही. दुसरी गोष्ट ड्रमच्या बाबतीत घडते. तापल्यावर ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे अस्तरापासून दूर जातो. ४०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे १.३ मिलिमीटरने वाढतो, आणि शूला तेवढे अंतर जास्त कापावे लागते. चकतीचे उलट आहे. ती तापून जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळ येते. मोटारींच्या पुढच्या चाकांना ड्रम जाऊन चकत्या आल्या, त्यामागे हे एक कारण आहे.

तिसरी गोष्ट द्रवावर चालणाऱ्या ब्रेकची, म्हणजे आपल्या मोटारींची. ब्रेकचे नेहमीचे द्रव हवेतील बाष्प शोषून घेते. नवे असताना ‘डॉट ३’ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि ‘डॉट ४’चा किमान २३० अंश असावा लागतो. त्यात शेकडा तीन-चार भाग पाणी मुरले की हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ इतके खाली चालतात. पुण्याचे दोन पावसाळे पाहिलेले द्रव बहुधा याच वाटेवर असते. म्हणून गाडीचे पॅड उत्तम असले तरी सुमारे दोन वर्षांनी द्रव बदलण्याची शिफारस केलेली असते. लांब उतारावर चाकाजवळचे द्रव उकळले की नळीत वाफ होते. वाफ वायूच आहे, तेव्हा वर केलेले बुडबुड्याचे गणित लागू होते आणि पेडल तळाला जाते. तेथे थांबून अर्ध्या तासाने पाहिले तर वाफेचे पुन्हा द्रव झालेले असते आणि ब्रेक व्यवस्थित लागतो! ‘मघाशी लागला नाही, आता लागतो’ असे कोणी म्हटले तर त्याला वेड्यात काढू नये. आधी द्रव बदलून घ्यावे.

उपाय म्हणजे उष्णता करण्याचे काम दुसऱ्या कुणाला तरी देणे. तो दुसरा म्हणजे इंजिन. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाके इंजिनाला ओढतात, त्या ओढण्यात ऊर्जा खर्च होते आणि उष्णता इंजिनाच्या वाटेने बाहेर जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम याच कारणाने पक्का आहे.

२० नोव्हेंबर २०२२ च्या अपघाताबाबत तपासातून पुढे आलेली गोष्ट ही, की चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. इंधन वाचवण्यासाठी असे करणारे चालक आहेत. त्याने काय काय हातचे जाते ते मोजा. इंजिनाची रोध करण्याची शक्ती गेली. मोठ्या मालमोटारींचे ब्रेक द्रवावर नव्हे, दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा पंप इंजिनावर चालतो. म्हणजे तोही बंद पडला. टाकीत साठलेली हवा प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की थोडी खर्च होते आणि भर काहीच पडत नाही. शिवाय सुकाणू जड होते. बदल्यात मिळते काय? जवळजवळ काही नाही. आजची इंजिने गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा आपोआप तोडतात. गिअरमध्ये राहून उतरणाऱ्या गाडीचे इंजिन तेवढा वेळ इंधन घेतच नाही. उलट ‘न्यूट्रल’मध्ये घरंगळणाऱ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर त्याला थोडे इंधन लागतेच. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला जातो ती बचत गिअर न सोडताच होत असते. हे गणित प्रत्येक मालधक्क्यावर फळ्यावर लिहून ठेवावे असे मला फार वाटते.

रेल्वेने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने हाताळला आहे. खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा कमाल चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. या उतारावर ठिकठिकाणी चढावर जाणारे आंधळे रूळ काढून ठेवले आहेत. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी आधी थांबून दाखवते आणि मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. न थांबली तर ती आंधळ्या रुळावर जाते आणि चढावर तिची गती आपोआप स्थितिज ऊर्जेत बदलते. ब्रेक लागतो की नाही याची तेथे लक्षणांवरून अटकळ बांधत नाहीत. प्रत्येक गाडीची प्रत्येक वेळी परीक्षा घेतात. रस्त्यावर हे शक्य नाही, पण घाट उतरायच्या आधी सपाटीवर एकदा ब्रेक दाबून पाहणे प्रत्येकाला शक्य आहे.

करून पाहा

इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या, एक २० आणि एक ५ मिलिलिटरची, सुया न लावता घ्या. सलाइनच्या नळीच्या तुकड्याने दोन्ही जोडा आणि पाण्याखाली धरून सगळी हवा घालवा. लहान दट्ट्या दाबा. मोठा लगेच सरकतो. मोठ्या दट्ट्यावर मित्राला अंगठा ठेवायला सांगा आणि कोण जिंकते पाहा. आता नळीत दोन मिलिलिटर हवा मुद्दाम सोडा आणि पुन्हा दाबा. बोटाला जो मऊपणा जाणवेल तोच स्पंजासारख्या पेडलचा मऊपणा. शिक्षकांना पास्कल आणि बॉइल हे दोन्ही नियम एका तासात शिकवायला हा प्रयोग उपयोगी पडेल.

सायकल असेल तर तिच्या ब्रेकचे रबर किती उरले आहे, तार एखाद्या ठिकाणी उसवली आहे का आणि ब्रेकची मूठ हँडलला टेकते का, हे आजच पाहा. मूठ हँडलला टेकत असेल तर ब्रेकचा सगळा प्रवास संपला आहे.

एक सूचना: चाक उघडलेले असताना ब्रेकवरची धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत असत आणि त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. नव्या अस्तरांची धूळही श्वासाबरोबर घेण्यासारखी नाही. ती ओल्या फडक्याने पुसावी.

आता दोन गणिते. पहिले: १२ टनांची भरलेली बस ताशी ३६ किलोमीटर वेगावरून शिवाजी चौक ते वाकड आणि पुढच्या फेऱ्यांत मिळून ६० वेळा थांबली. ब्रेकमध्ये एकूण किती ऊर्जा गेली आणि ती विजेच्या किती युनिटांइतकी आहे? एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. दुसरे: वरच्या उदाहरणातील मोटारीच्या नळीत २ घनसेंटिमीटर हवा असेल तर पेडल किती जास्त खाली जाईल?

उत्तरे: पहिल्याचे ३ कोटी ६० लाख ज्यूल, म्हणजे १० युनिटे. विजेवर चालणाऱ्या बसमध्ये मोटरच उलट जनित्र म्हणून चालवून यातला काही भाग बॅटरीत परत भरतात, म्हणून तिचे पॅड सावकाश झिजतात. दुसऱ्याचे सुमारे २.६ सेंटिमीटर.